आईच्या बॅगेतली फुलं

ताई रिकामी बॅग घेऊनच आली, आणि निम्मं भांडण तिथेच दुकानाच्या दारात होऊन गेलं.

"अजून काही ठरलेलं नाहीये," थोरला गल्ल्यामागून म्हणाला. गच्चीच्या दुरुस्तीवरून दोघांचं कडाक्याचं वाजलं होतं, त्यानंतर तो बहिणीशी बोलला ते हे पहिलं वाक्य.

"ठरायचं काय राहिलंय, दादा? परवा गिऱ्हाइकासमोर आईच्या नाकातून रक्त आलं. थेट तराजूवर! आता आणखी काय व्हायची वाट बघायची?"

"ते गिऱ्हाईक काल परत आलं होतं. फुलं घेऊन गेलं."

"वा! मग प्रश्नच मिटला!"

ताई विमा कंपनीत मोठी साहेब आहे. माणसावर काय काय कोसळू शकतं याचा विचार करण्याचा तिला दिवसभर पगार मिळतो, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर ती तेच फुकटात करते. जिना दिसला की तिला आधी त्यावरून पडलेला माणूस दिसतो. दुकानापासून आईच्या खोलीपर्यंत जाणारा लाकडी जिना तर तिच्या लेखी यमाचं प्रवेशद्वारच होता. तिचं स्वतःचं घर सातव्या मजल्यावर, पण तिथे लिफ्ट आहे, कठडे आहेत, आणि न्हाणीघरात धरायला दांड्या बसवून झाल्या आहेत. दांड्या बसवून झाल्या म्हणजे निर्णय कधीच झाला होता. आता फक्त आईला कळवायचं बाकी होतं.

खरं सांगायचं तर हा निर्णय डॉक्टरांच्या एका प्रश्नातून निघाला होता. आईच्या हृदयाचे ठोके मध्येच ताल सोडायला लागले, म्हणून तिला रक्त पातळ करण्याची गोळी सुरू झाली. ही गोळी म्हणजे काटेकोर काम. रक्त जाड राहिलं तर गाठ व्हायची भीती, फार पातळ झालं तर रक्त वाहायची. आईचं आपलं प्रत्येक तपासणीला नको तितकं पातळ. डॉक्टरांनी गोळी कमी केली, तरी पातळ. आणखी कमी केली, तरी तेच. कपाट नुसतं घासलं तरी दंडावर निळा डाग. शेवटी डॉक्टर चष्मा काढून म्हणाले, "आजी विसरून गोळी दोनदा तर घेत नाहीत ना?"

झालं. तो प्रश्न घरात आला आणि पाहुण्यासारखा मुक्काम ठोकून बसला. आई विसरते, असं सगळे म्हणायला लागले. चावी कुठे ठेवली, हे आई तरुणपणापासूनच विसरत होती, पण आता प्रत्येक चावी पुरावा झाली.

बैठक वरच्या वाळवणाच्या खोलीत बसली, कारण एवढी माणसं मावतील अशी दुसरी खोलीच नाही. चहूबाजूंना भिंतीला लावलेल्या जाळीच्या चौकटी, आणि चौकटींवर दुकानासाठी वाळत घातलेलं कॅमोमाइल, चहासारखी उकळून प्यायची पांढरी फुलं. घरात हे नाव कोणी घेत नाही, नुसतं 'फुलं' म्हणतात. जगात दुसरी फुलं असतात हे या घराला तीन पिढ्यांत कोणी सांगितलेलंच नाही. तान्ह्या बाळाचं पोट दुखलं, द्या फुलांचं पाणी. सर्दी झाली, घ्या फुलांची वाफ. झोप येत नाही, परीक्षा आली, लग्न मोडलं, सगळ्यावर फुलं. ताईचं पहिलं लग्न मोडलं तेव्हा तिच्यासमोर इतके कप आले होते की तिला रडायला फुरसत मिळाली नाही.

"मी सरळ विचारते," ताई म्हणाली आणि धाकट्या भावाच्या बायकोकडे वळली. "गोळ्यांची डबी कोण भरतं?"

"मी," धाकटी म्हणाली. ती इस्पितळातल्या औषधांच्या खिडकीवर काम करते, त्यामुळे घरात आजारपण आलं की दोष तिच्याकडे आणि श्रेय फुलांकडे जातं. "वारांचे कप्पे असलेली डबी आहे. दर रविवारी मी भरते. रोजचा कप्पा रोज रिकामा होतो. ना एक गोळी जास्त, ना कमी."

"मग रक्त पातळ होतं कसं?"

"तेच मला कळत नाहीये, ताई."

"कळत नाहीये! आणि रोज लोकांना औषधं देतेस!"

"ताई, तोंड सांभाळून बोल," धाकटा म्हणाला. बायकोची बाजू घ्यायची त्याची मनापासून इच्छा असते, पण दम फार टिकत नाही. "म्हणजे, तुझंही बरोबर आहे. पण तिचंही आहे."

"तू आधी ठरव, कुणाचं बरोबर आहे ते."

"कुठेतरी जुनी बाटली असेल," थोरला छताकडे बघत म्हणाला. "आई विसरून त्यातली घेत असेल." ताईशी वैर असूनही या एका मुद्द्यावर तो तिच्या पंगतीला जाऊन बसला. धाकटीला ते लागलं. कालपर्यंत दादा तिच्या बाजूने होते. पण थोरल्याचाही नाइलाज होता. लग्नाच्या भानगडीत तो पडला नाही, दुकान आणि आई एवढाच त्याचा संसार. आणि नाकातून आलेलं ते रक्त त्याने तराजूवरून इतक्या वेळा पुसलं की शेवटी गिऱ्हाइकाने त्यालाच बसवून पाणी दिलं होतं. हे त्याने कुणाला सांगितलं नाही.

आई खिडकीशी बसून ऐकत होती. माणूस समोर असताना त्याच्याबद्दल 'ती विसरते' असं बोलायची या मुलांना कधीपासून सवय लागली, ते काही तिच्या लक्षात येईना. बघा, हेही लक्षात नाही! गेले काही दिवस ती मनातल्या मनात स्वतःची परीक्षा घेत होती. शेजारणीच्या मुलींची नावं, नवऱ्याच्या काळातले फुलांचे भाव, सकाळी काय खाल्लं. उत्तरं येत होती. पण ती बरोबर आहेत की नाही हे तपासणार कोण? मुलगा, मुलगी, सून, डॉक्टर, सगळे एकच सांगताहेत. मग आपणच चुकत असणार. डोकं गेलेल्या माणसाला आपलं डोकं गेलंय हे कळत नसतंच की!

"येते मी," ती म्हणाली.

ताईला खरं म्हणजे अजून बरंच बोलायचं होतं. लिफ्ट, कठडे, दांड्या, सगळं तयार होतं. एवढ्या सहज जिंकायची तिला सवय नव्हती.

"म्हणजे... येशील?"

"येते म्हटलं ना. दुकानात मी चुकीचं वजन दिलं, कुणाला भलतंच काही दिलं, तर? घराण्याचं नाव आहे." तिचा आवाज चिरकला, तेव्हा ती रागावून म्हणाली, "आणि बॅग कोण भरणार आहे माझी? का तीही मीच?"

बॅग भरायचं काम धाकटीकडे आलं. ती आईच्या खोलीत गेली, दार लोटून घेतलं आणि कपाटासमोर उभी राहून थोडी रडली. मग डोळे पुसून साड्या काढायला लागली. आपल्याला काहीतरी दिसायला हवं होतं आणि ते दिसलं नाही, हे तिला आतून खात होतं.

दार किलकिलं झालं. धाकटा आत आला, चोरासारखा.

"हे बॅगेत टाक. तळाशी." त्याने एक पत्र्याची चपटी डबी पुढे केली. धाकटा जुन्या गॅरेजमध्ये साबण आणि मलमं बनवतो आणि स्वतःला उद्योजक म्हणवतो. "गुडघ्यांचं मलम. फुलांचा अर्क. बाजारात मिळतं तसलं पाणचट नाही, भरपूर घातलाय. मी रोज संध्याकाळी आईला चोळून देतो."

"रोज? मला कधी बोलला नाहीस."

"तू हसतेस माझ्या मलमांना. आणि तसंही," तो जरा ऐटीत म्हणाला, "आपल्या घरात विचारायचं नसतं."

हे मात्र खरं. या घरात विचारायचं नसतं. आजोबा आणि त्यांचा सख्खा भाऊ फुलं झाकण ठेवून मुरवायची की उघडी उकळायची यावरून एकमेकांच्या अंगावर किटल्या घेऊन धावले होते. दुकानाचे दोन तुकडे झाले, मरेपर्यंत दोघं भाऊ बोलले नाहीत. ते बघून पुढच्या पिढीने, म्हणजे आईच्या नवऱ्याने, घरात कायदा केला. ज्याने त्याने आपल्या पद्धतीने फुलं करावीत, ज्याला द्यायची त्याला द्यावीत, दुसऱ्याच्या कपात डोकवायचं नाही. कायदा फार गुणाचा ठरला. तेव्हापासून घरात सगळ्या विषयांवर भांडणं झाली, फुलांवरून एकही नाही. धाकटी नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिला सगळ्यात आधी हेच सांगितलं गेलं, आणि बिचारीने ते निमूटपणे पाळलंही.

मलम ठेवून ती साडीची घडी करत होती तोच थोरला आला. तो आत येत नाही, उंबऱ्यावरच उभा राहतो.

"ही पुडी. पहिल्या तोडीची फुलं आहेत, निवडून ठेवलीत. तिकडे सातव्या मजल्यावर काय मिळणार!" त्याने घसा साफ केला. "तिला सांग दुपारी मोठा पेला घ्यायचा. खळखळून उकळायचं, काळपट होईस्तोवर. मी रोज देतो दुकान बंद करून जेवायला आलो की. उरलेल्या चोथ्याच्या घड्या डोळ्यांवर ठेवतो. तिला बरं वाटतं. आणि हे कुणाला सांगू नकोस."

धाकटीचा हात साडीवरच थांबला. "दादा, रोज?"

"मग काय सठीसहामाशी? आई आहे ती."

तो गेला. धाकटीने पुडी मलमाच्या शेजारी ठेवली आणि दाराकडे बघत बसली. आता तिला माहीत होतं की अजून कोणीतरी येणार. आणि आलंच.

ताई आली ती दार लावूनच. पर्समधून काचेची एक बरणी काढली. आत पिवळट कॅप्सूल.

"ह्या मीच पाठवते तिला. झोपताना घ्यायच्या. महागाच्या आहेत, परदेशी. एका कॅप्सूलमध्ये मूठभर फुलांचा अर्क असतो म्हणे. तुझ्या त्या डबीत मिसळू नकोस हं, ही औषधं नाहीत, नैसर्गिक आहेत." मग तिचा आवाज जरा उतरला. "आणि रोज दिवेलागणीला आम्ही फोनवर एकेक कप घेतो. ती तिकडे, मी इकडे. झाकण ठेवून, नीट मुरवून. तेवढीच माझी तिच्याशी भेट. आता समोरासमोर घेऊ."

"ताई," धाकटी म्हणाली, "जरा सगळ्यांना इथे बोलवता?"

"का?"

"बोलवा तर."

तिचा आवाज असा काही लागला होता की विमा कंपनीची साहेब मुकाट्याने उठली.

सगळे आले. आईही आली, दाराशी टेकून उभी राहिली. धाकटीने पलंगावर एका ओळीत मांडणी केली. मलमाची डबी, पुडी, बरणी.

"हे कुणाचं?" थोरल्याने बरणीकडे बोट केलं.

"आणि हे कुणाचं?" ताईने पुडीकडे.

"दुपारी दादांचा काढा," धाकटी म्हणाली. "वर डोळ्यांवर घड्या. संध्याकाळी गुडघ्यांना मलम. दिवेलागणीला ताईंचा कप. झोपताना ताईंच्याच कॅप्सूल. आई, बरोबर आहे ना? काही राहिलं?"

"सकाळचा राहिला," आई म्हणाली. "सकाळी उठल्यावर धाकटा एक आणून देतो."

"तू चहापण देतोस?" धाकटी नवऱ्यावर ओरडली.

"मला काय माहीत हे सगळे देतात ते! मला वाटलं, मीच एकटा देतो!"

"मला वाटलं मी एकटा," थोरला म्हणाला.

ताईलाही तेच वाटलं होतं.

"सुरुवातीलाच डॉक्टरांनी विचारायला सांगितलं होतं की आजी घरगुती काही घेतात का," धाकटी म्हणाली. "मी विचारलं. आई म्हणाल्या, एखादा कप. एका कपाने काय होतंय म्हणून मी सोडून दिलं. पुढे विचारलं नाही, कारण इथे विचारायचं नसतं! अहो, या गोळीबरोबर भरपूर फुलं घेतली तर रक्त आणखी पातळ होऊ शकतं. साधी गोष्ट आहे. आई विसरत नाहीत. त्या गोळी एकदाच घेतात. बाकीचा डोस तुम्ही सगळे मिळून देताय!"

सगळे एकदम सुटले.

"खळखळून उकळतोस? अरे, सगळा कस वाफेवर जातो!" ताई थोरल्यावर.

"कस काय तो झाकणाखाली कुजवण्यात असतो का? आणि त्या बरणीतल्या कॅप्सूलना फुलं म्हणायची? बाबांनी बघितलं असतं तर..."

"माझ्या मलमाला कोणी काही बोलू नका, ते तर वरून लावायचं आहे!"

"वरूनही मुरतं!" धाकटी फोन कानाला लावत ओरडली. "जरा गप्प बसा, डॉक्टर लागलेत."

डॉक्टरांचा रविवार होता, पण त्यांनी ऐकून घेतलं. बराच वेळ ऐकून घेतलं. यादी संपेना तेव्हा मध्येच एकदा म्हणाले, "डोळ्यांवरसुद्धा?" ते फोनबाहेर सगळ्यांना ऐकू आलं. मग धाकटीने निरोप सांगितला. फुलं आजपासून बंद, सगळ्या स्वरूपात, सगळ्यांच्या हातून. गोळी आहे तशीच, आपल्या मनाने त्यात काही करायचं नाही. उद्या सकाळीच रक्त तपासायला यायचं आणि मग लवकर लवकर पुन्हा. नक्की तेच कारण आहे का ते तपासणी सांगेल, पण त्यांना तरी दुसरं काही शोधायची गरज दिसत नाही.

"आणि डोकं?" आईने विचारलं. इतका वेळ ती याच एका गोष्टीसाठी उभी होती. "माझ्या डोक्याबद्दल काय म्हणाले?"

"म्हणाले, एवढे सगळे कप आठवताहेत म्हणजे डोकं आपल्या सगळ्यांपेक्षा बरं आहे."

आई पलंगावर बसली. बसली ती साड्यांवरच. पदराने तोंड पुसलं, दोनदा पुसलं, आणि मग कुणाकडे न बघता म्हणाली, "मी माझ्याच मनाला खोटं पाडत होते गं. किती दिवस." धाकटीने तिचा हात धरला. थोरल्याने एकदम भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं, ते मागच्या वर्षीचं होतं.

ताई मात्र ताई होती. डोळे भरले असतानाही तिला उलटतपासणी सुचली. "पण आई, तू सांगायचंस ना! दादाचा पेला झालाय, आता तुझा नको, असं म्हणायला काय झालं होतं? सगळ्यांचं कशाला प्यायलीस?"

"काय सांगू?"

"नको म्हणायचं."

"नको म्हटलं असतं तर तू फोन ठेवला असतास." आई अगदी साध्या आवाजात बोलत होती. "कप हातात असला की तू बोलतेस. एरवी तुझं 'बरी आहेस ना, जेवलीस ना, ठेवते' एवढंच असतं. हा दादा, दिवसभर तोंडातून ब्र काढत नाही. काढा निवेपर्यंत मात्र बसतो माझ्यापाशी, काही बोलतोही. आणि हा धाकटा, मलम चोळता चोळता धंद्यात काय चाललंय ते सांगतो, बायकोला सांगत नाही तेसुद्धा." धाकट्याने मान खाली घातली. "तुम्ही बसायचात. म्हणून प्यायले."

खाली दुकानाची घंटी वाजली, गिऱ्हाईक आलं असणार. घंटी वाजली की थोरला झोपेतून उठून जातो. तो हलला नाही. घंटी आणखी एकदा वाजली आणि बंद झाली.

"आणि खरं सांगू?" आईला आता रंग चढला होता. "मला ती फुलं आवडतच नाहीत."

"काय?" हे तिन्ही मुलांच्या तोंडून एकदमच निघालं.

"जुन्या गवताच्या गादीसारखी लागतात. लग्न होऊन आले त्या दिवशी तुमच्या बाबांनी केवढ्या हौसेने पहिला कप हातात दिला. पोटातून ढवळून आलं. पण चेहरा असा झाला होता ना त्यांचा! म्हटलं छान आहे. एकदा छान म्हटल्यावर पुढे रोज छानच म्हणावं लागलं."

थोरला खुर्ची शोधून तिच्यावर बसला. आजोबांनी ज्या फुलांपायी सख्खा भाऊ सोडला, बाबांनी ज्यांच्यासाठी कायदा केला, ती फुलं त्याची आई जन्मभर नाक दाबून पीत आली होती.

"मग तुला काय आवडतं?" ताईने विचारलं. विचारल्यावर तिचं तिलाच कसंसं झालं. तिने दादाकडे पाहिलं, दादाने धाकट्याकडे. तिघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. आईला फार गरम चालत नाही, गुळमुळीत बोलणं चालत नाही, उशीर चालत नाही, हे सगळं पाठ होतं. तिला काय आवडतं हे कुणी कधी विचारलंच नव्हतं.

"कॉफी," आई म्हणाली, आणि सोळा वर्षांच्या मुलीसारखी लाजली. "कडक. माझ्या माहेरी करायचे. इथे आल्यावर बंद झाली."

बंद होणारच. या घरात कॉफी शिरत नाही. वाळती फुलं आजूबाजूचा वास पटकन ओढून घेतात, आणि कॉफीचा वास एकदा बसला की अख्खं वाळवण वाया. थोरल्याने तर एकदा कामाच्या माणसाला, डब्यात कॉफीचं बिस्किट आणलं म्हणून, गल्लीत बसून खायला लावलं होतं.

सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं. आजवर या घरात असं कुणी तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

"एक कप चालेल," ती म्हणाली. "एकच. आणि कुणी चोरून दुसरा दिला ना, तर मी बॅग भरून जाईन!"

ताई उठली, अर्धवट भरलेली बॅग तिने पायाने पलंगाखाली सरकवली. कोपऱ्यावरच्या दुकानातून कॉफी आणली, खाली स्वयंपाकघरात स्वतः केली, आणि तोच धोक्याचा लाकडी जिना भरलेला कप घेऊन चढून आली. भिंतीचा आधार न घेता. दारात येईपर्यंत वास तिच्यापुढे खोलीत पोचला होता, आणि खोलीतून सरळ वाळवणाच्या खोलीकडे निघाला होता. मधलं दार सताड उघडं होतं.

"दादा, दार," धाकटा घाईने उठत म्हणाला. "पहिल्या तोडीची फुलं आहेत सगळी. वास लागेल."

आईने दोन्ही हातांनी कप धरला होता. डोळे मिटले होते. अजून एक घोटही घेतला नव्हता, नुसती वाफ घेत होती.

थोरल्याने तिच्याकडे पाहिलं, आणि खुर्ची ओढून तिच्या आणखी जवळ बसला.

"लागू दे," तो म्हणाला.